रविवारचा शुगर कट्टा

रविवार, ४ फेब्रुवारी २०२४

आज एकदाचा सुरू केला. सोसायटीच्या मागच्या बागेत, कडुनिंबाखालच्या बाकावर. नाव ठेवलं 'शुगर कट्टा'. दामू म्हणाला, "यार सुखदेव, दिल्लीत कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल. एखाद्या दिवशी पोलीस येतील."

रिटायर झाल्यापासून दिवस अंगावर येतो. सकाळी दाढी करून तयार व्हायचं आणि मग जायचं कुठं? शेवंता वैतागून म्हणाली, "माझ्या भांड्यांवर नजर ठेवण्यापेक्षा काहीतरी करा." तिला दहा वर्षांपासून शुगर आहे आणि ती मीच घरी तपासतो, त्यामुळं हात बसलाय. बागेत फिरायला येणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी निम्म्यांना डायबेटिस, आणि लॅबमध्ये जायचा सगळ्यांना कंटाळा. म्हणून ठरवलं, दर रविवारी उपाशीपोटी यायचं, मी बोट टोचून आकडा सांगणार. मला स्वतःला शुगर नाही, पण वेळ आहे.

राधाताई कुलकर्णी टोचून घ्यायला फार घाबरतात. त्यांना धीर यावा म्हणून पहिलं बोट शेवंताचं घेतलं. तिनं हात पुढं केला, पापणीसुद्धा हलवली नाही. मग दामू, मग राधाताई, मग बाकीचे. मशीनची पट्टी प्रत्येकाला नवी. टोचायच्या पेनमधली सुई एकाचं झालं की स्पिरिटच्या बोळ्यानं पुसतो. लोक घरी एकच सुई महिना महिना वापरतात. मी दर रविवारी नवी लावणार आहे. स्वच्छतेत तडजोड नाही.

संध्याकाळी बरं वाटलं. किती दिवसांनी कुणीतरी मला "रामटेकेसाहेब" म्हणालं.

रविवार, १० मार्च

श्रावस्तीचा बंगलोरहून फोन. आईची तब्येत विचारली, मग कट्ट्याची चौकशी. "बाबा, सुया किती लागतात? मी ऑनलाइन मागवून देते." मी म्हटलं, नको, एक पाकीट वर्षभर पुरेल. ती म्हणाली, "वर्षभर? एवढी माणसं असून?" तेवढ्यात दारावर सिलेंडरवाला आला आणि फोन ठेवला. या पिढीला सगळं मागवायची सवय.

रविवार, ५ मे

ऊन सहन होत नाही. सकाळी सातला बाक तापलेला. शेवंता कट्ट्यावरून येऊन पुन्हा झोपली. हल्ली तिचं फार होतं हे. उठते, पोळ्या करते, पडते. दिल्लीचा उन्हाळा तिला कधीच मानवला नाही. तळपाय खाजतात म्हणते. कूलरच्या पाण्यात खस, आपला वाळा, टाकून दिला.

कुणाचे तरी पाहुणे आज आले होते, टोपी घातलेले एक आजोबा. त्यांचीही शुगर पाहिली. "देव भलं करो," म्हणाले.

रविवार, ७ जुलै

दामूशी वाजलं.

दामू गजभिये आणि मी एकाच वर्षी दिल्लीत आलो. तो नांदेडचा, मी भंडाऱ्याचा. एका ऑफिसात टेबलाला टेबल लावून नोकरी केली, एका सोसायटीत घर घेतलं. त्याची बायको गेली तेव्हा तो आमच्याकडं जेवायला असे. त्यामुळं त्याला बोलायचा हक्क मला आहे असं मी धरून चालतो.

दोन महिने त्याची शुगर वर चाललीय. आज तर फारच. सगळ्यांसमोर म्हटलं, "दामू, खरं सांग, काय खाल्लंस?" तो म्हणाला, "काही नाही. शपथ." मी म्हटलं, "पुतणीच्या लग्नाला जाऊन आलास. जिलेबी आपोआप पोटात जाते काय?" सगळे हसले. तो हसला नाही.

घरी शेवंता म्हणाली, "चारचौघांत कशाला बोललात?" मी म्हटलं, त्याच्या भल्यासाठी. तर म्हणते, "मी पण काही खात नाही. माझी कुठं उतरते?" हिचं आपलं वेगळंच.

रविवार, ११ ऑगस्ट

दामू सलग दुसऱ्या रविवारी आला नाही. फोन उचलत नाही.

रविवार, १८ ऑगस्ट

आज स्वतः वर जाऊन दामूला घेऊन आलो. दार लोटलं तर बनियनवर बसलेला, चेहरा उतरलेला. म्हणाला, "यार, थकवा जात नाही. आणि तुझ्या बाकावर बसलं की शाळेत नापास झाल्यासारखं वाटतं." मी म्हटलं, "चल, लाजायचं काय त्यात?" हाताला धरून खाली आणलं. शुगर अजून वर. या वेळी मी काही बोललो नाही, नुसतं बोट पुसून दिलं.

माणसाला असं सोडून चालत नाही.

गुरुवार, १२ सप्टेंबर

दामूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, ते पुढं ढकललं. ऑपरेशनआधी रक्ताच्या तपासण्या करतात, त्यात हेपेटायटिस सी निघाला. लिव्हरचा आजार. दामूनं आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. तो काळवंडला होता. "कुठून आलं हे?" एवढंच विचारत राहिला. मी म्हटलं, बाहेरचं पाणी, आणखी काय.

घरी येऊन मोबाईलवर वाचलं. पाण्यातून नाही, रक्तातून पसरतो. मग दामूला कुठून?

रविवार, १५ सप्टेंबर

मनाला बरं वाटलं नाही, पण दामूला म्हटलं, काही दिवस कट्ट्यावर येऊ नकोस. बाकीच्यांना धोका नको. तो "बिल्कुल, बिल्कुल" म्हणाला आणि वळला. बाकीच्यांची शुगर नेहमीसारखी पाहिली. सुई आज दोनदा पुसली.

बुधवार, ९ ऑक्टोबर

राधाताई बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशनआधीच्या तपासणीत त्यांनाही तेच निघालं. हेपेटायटिस सी. बहात्तरीच्या बाई, घराबाहेर जातात त्या बागेपर्यंत.

त्यांचा मुलगा धीरज लिफ्टपाशी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता. दिल्लीत वाढलेला, चिडला की हिंदीत जातो. "पहले दामू अंकल को हुआ, फिर मम्मी को. फैलाया किसने, साफ है." दामू तेव्हा पिशवी घेऊन जिन्यानं वर चालला होता. लिफ्ट रिकामी असताना.

शेवंता सांगत होती, दोन घरांनी त्याच्याकडं चहा घ्यायचं बंद केलंय. कामवाली त्याचा कप वेगळा ठेवते.

सोमवार, १४ ऑक्टोबर

दामूबरोबर हॉस्पिटलात गेलो. सरकारी आहे, उपचार फुकट आहेत, पण रांगेत सकाळ गेली. डॉक्टर अपूर्वा म्हणून तरुण मुलगी. आडनाव ऐकून मराठीत बोलायला लागली. "माझं मराठी थोडं वीक आहे हं, काका."

तिनं दामूला समजावलं. "हा व्हायरस लिव्हरमध्ये राहतो. मग लिव्हर इन्सुलिनचं ऐकत नाही आणि साखर रक्तातच राहते. तुम्ही काही खाल्लं नसेल तरी शुगर वाढू शकते."

दामू माझ्याकडं न बघता म्हणाला, "ऐकलंस?"

मी मान हलवली. मग तिनं विचारायला सुरुवात केली. कधी रक्त चढवलंय? नाही. टॅटू, दात, इंजेक्शन? नाही. दाढी सलूनमध्ये? घरीच. "शुगर कुठं चेक करता?"

इतक्या दिवसांत दामू पहिल्यांदा थोडा हसला. "हे आहेत ना. आमचे सर्जन. दर रविवारी बागेत सगळ्यांची बोटं टोचतात. राधाताईंची पण."

डॉक्टरनं लिहिता लिहिता हात थांबवला. "काका, ते पेन... सुई प्रत्येकाला नवी?"

"पुसून घेतो," मी म्हणालो. "स्पिरिटनं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त दाराशी उभ्या असलेल्या पेशंटला थांबायची खूण केली, आणि फार हळू आवाजात म्हणाली, "पुसून तो जात नाही, काका. पेनच्या टोकावर पण रक्त राहतं. आपल्याला दिसत नाही एवढं. नक्की तिथूनच आलं असं मी आज सांगू शकत नाही. पण तिथं आलेल्या सगळ्यांना टेस्ट करायला लागेल. आणि ते पेन बंद."

मेट्रोत माझ्या शेजारची सीट रिकामी होती. दामू दुसऱ्या दाराशी उभा राहिला, आमचं द्वारका स्टेशन येईपर्यंत.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

जेवण गेलं नाही. शेवंताला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "मग पहिल्यांदा कुणाला होतं?" मी म्हटलं, काय माहीत, कुणालाही असेल.

ती गवार मोडायला बसली. मग म्हणाली, "पहिलं बोट माझं असायचं."

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

शेवंताचे रिपोर्ट आले. आहे. आणि आजचा नाही. लिव्हरचं स्कॅन केलं. डॉक्टर म्हणाली, लिव्हर कडक झालंय, हे वीस-तीस वर्षांचं दुखणं दिसतं.

"काकू, कधी रक्त चढवलं होतं?"

श्रावस्तीच्या वेळी, त्र्याण्णवमध्ये. बाळंतपणानंतर रक्त थांबेना. माझ्या भावानं कुठून कुठून बाटल्या जमवल्या. तेव्हा रक्तात हा व्हायरस तपासायची पद्धतच नव्हती, असं डॉक्टर म्हणाली. त्या रक्तानं शेवंता वाचली. मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो होतो, आनंदानं.

"तुमच्या माहेरी कुणाला शुगर?"

"कुणालाच नाही. आई शेवटपर्यंत चहात गूळ घालून घ्यायची."

"मग तुमची शुगरसुद्धा यामुळंच असेल, काकू. शंभर टक्के नाही सांगू शकत. पण तुम्ही अशा बारीक, घरात कुणाला नाही..."

म्हणजे दहा वर्षं मी तिला भात मोजून वाढला. सणाला तिच्यासमोरून श्रीखंडाची वाटी उचलली. ती दुपारी पडली की फिरायला जा म्हणून मागं लागलो. तिचे तळपाय, तिचं थकणं, सगळं उन्हाच्या नावावर टाकलं.

माझीही तपासणी केली. मला नाही. श्रावस्तीचा जन्म त्या रक्ताच्या आधीचा, तरी तिनंही बंगलोरला करून घेतली. तिलाही नाही.

परतताना शेवंता म्हणाली, "म्हणजे दामूभाऊंना माझं लागलं."

"माझ्या सुईनं लागलं."

"तुमचं तुम्ही घ्या. माझं मला घेऊ द्या."

शनिवार, १९ ऑक्टोबर

उद्या बागेत सगळ्यांना बोलावलंय. काय बोलायचं ते दिवसभर जुळवतोय. नोकरीत अशा हजार नोंदी केल्या, कुणाचंही नाव न येता चूक कशी मांडायची हे मला येतं. 'असं निदर्शनास आलं आहे की.' तसंच करू. सुईमुळं धोका झाला असण्याची शक्यता आहे, सगळ्यांनी तपासून घ्यावं. सुरुवात कुणापासून हे सांगायची गरज काय? तपासायला तर सगळ्यांनाच जायचं आहे.

शेवंताला म्हटलं, तुझं नाव काढायचं नाही.

"का?"

"लोक बोलतील."

"आता दामूभाऊंना बोलतायत ते चालतं?" तिनं पदर खोचला. "त्यांच्या घरचं पाणी लोक टाळतात. त्यांच्या घरचं, आणि आपण गप्प बसायचं? पाणी टाळणं म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायचं का आता?"

 माझे आजोबा गावच्या विहिरीपासून लांब उभे राहायचे, कुणीतरी ओतेल म्हणून. मी ते श्रावस्तीला अनेकदा सांगितलंय, अगदी अभिमानानं, की बघ आपण कुठून कुठं आलो.

रविवार, २० ऑक्टोबर

बहुतेक सगळे आले. धीरज मागं उभा. दामू लांबच्या बाकावर, येईल असं वाटलं नव्हतं. मी सुरुवात केली, "असं लक्षात आलं आहे की," आणि पुढं शब्दच येईनात. 

शेवंता उठली. तिला सभेत बोलताना मी कधी पाहिलं नाही. विहारातसुद्धा ती शेवटच्या रांगेत बसते.

"हा आजार माझ्या अंगात तीस वर्षांपासून होता," ती म्हणाली. "मला माहीत नव्हतं. लेकीच्या वेळी रक्त चढवलं त्यातून आला. इथं पहिलं बोट माझं टोचायचे आणि तीच सुई पुढं तुमच्या बोटाला. दामूभाऊंनी कुणाला काही दिलेलं नाही. आम्ही त्यांना दिलं. राधाताईंना पण आम्हीच. सगळ्यांनी उद्याच तपासून घ्या. औषध आहे, तीन महिन्यांचं, त्यानं हा आजार जातो."

धीरज पुढं आला. "आंटी, सॉरी, पण अंकल," आणि मग माझ्याकडं वळून, "आपको पता भी है आपने क्या किया है? माझी आई चालू शकत नाही, आणि वर हे! कुणी सांगितलं होतं तुम्हाला डॉक्टर बनायला?"

मी म्हटलं, "कुणीच नाही."

"पुलिस में जाऊंगा मैं."

"जा, बेटा," मी म्हटलं. खरंच वाटलं की जावं. कुणीतरी काहीतरी लिहून घ्यावं, शिक्का मारावा, आणि हे संपावं.

दामू उठून निघून गेला. 

सोमवार, ११ नोव्हेंबर

शेवंताची, दामूची, राधाताईंची औषधं सुरू झाली. कट्ट्यावर येणाऱ्या आणि मग गुडगावला राहायला गेलेल्या एका बाईंनाही निघालं, त्या तिकडं घेतायत. फोनवर त्या मला काही बोलल्या नाहीत, नवरा बोलला. ऐकून घेतलं. बाकीच्यांना नाही. फक्त ते टोपीवाले आजोबा सापडत नाहीत. एकदाच आले होते. कुणाचे पाहुणे होते ते कुणालाच आठवत नाही. घरोघर विचारून झालं, मागच्या सोसायटीतही.

धीरज पोलिसात गेला नाही. राधाताईंनी अडवलं म्हणे. तो मला ओळख दाखवत नाही.

हवा धुरकट, समोरची बिल्डिंग दिसत नाही. शेवंता मास्क लावून बाल्कनीत कपडे काढत होती. म्हटलं, मी काढतो. "काढा," म्हणाली आणि आत जाऊन पडली. तिनं काही दोष दिला असता तर उत्तर तरी शोधलं असतं.

गुरुवार, १६ जानेवारी २०२५

औषधाच्या खिडकीसमोर आम्ही रांगेत, आमच्यापुढं दामू. तीन महिन्यांत तो माझ्याशी बोललेला नाही. शेवंताला "कशा आहात वहिनी" म्हणतो, तेवढंच.

मधेच तो भिंतीला टेकला, मग खाली बसला. एवढ्या थंडीत कपाळावर घाम, हात थरथरत होते. मला लगेच कळलं, शुगर उतरली. माझ्या खिशात शेवंतासाठी ठेवलेल्या लिमलेटच्या गोळ्या होत्या. पुढं केल्या. त्यानं माझा हात बघितला आणि तोंड फिरवलं. शेवंतानं माझ्या हातातून गोळी घेतली, कागद काढला, त्याच्या तोंडाशी धरली. तेव्हा घेतली.

डॉक्टर अपूर्वा त्याला रागावली. "अंकल, सांगितलं होतं ना? व्हायरस कमी झाला की लिव्हर पुन्हा ऐकायला लागतं. तुमची शुगर खाली येतेय, आणि तुम्ही जुन्याच डोसनं गोळ्या घेताय." तिनं गोळी अर्धी केली. शेवंताचंही इन्सुलिन थोडं कमी केलं. तिचं फार नाही उतरणार म्हणाली, जुनं आहे.

बाहेर आल्यावर दामू माझ्यासमोर उभा राहिला. "मी जिलेबी खाल्ली नव्हती."

"माहीत आहे."

"तेव्हा माहीत नव्हतं तुला."

"नाही."

तो रिक्षात बसून गेला.

रविवार, २ मार्च

बागेतून फेरी मारून आलो. बाकावर दुसरेच लोक बसलेले. त्यांनी सरकून जागा दिली. बसलो नाही.

राधाताई वॉकर घेऊन दारापर्यंत येतात आता. शेवंता त्यांच्याकडं जाऊन बसते. मी गेलो नाही अजून. शेवंता म्हणते, त्या विचारतात, पण धीरज घरी नसेल तेव्हा जायचं हे मला जमणार नाही. जायचं तर तो असतानाच. अजून ते होत नाही माझ्याच्यानं.

शुक्रवार, २३ मे

शेवटची तपासणी झाली. औषध संपून तीन महिन्यांनी करतात ती. दामूच्या रक्तात व्हायरस नाही. राधाताईंच्या नाही. शेवंताच्याही नाही.

डॉक्टर हसली, अभिनंदन म्हणाली, मग शेवंताचं स्कॅन बघून थोडी थांबली. "काकू, व्हायरस गेला, पण लिव्हर जेवढं कडक झालं ते लगेच परत होत नाही. दर सहा महिन्यांनी यायचं. कायम. चुकवायचं नाही."

"येईन," शेवंता म्हणाली. "हे आणतील."

व्हरांड्यात पंख्याखाली ती बाकावर डोळे मिटून बसली. मी पाण्याची बाटली भरायला गेलो तर नळापाशी दामू उभा होता, रिपोर्टची घडी करत. शुगरची दिवसाला एकच गोळी उरलीय म्हणाला. मला म्हणाला की हवेला, कळलं नाही.

"बरं झालं," मी म्हटलं.

"सुखदेव, मी तुला माफ केलंय असं समजू नकोस."

"नाही समजत."

"हं." त्यानं माझी बाटली घेऊन नळाखाली धरली, भरून माझ्या हातात दिली. "मी फ्लॅट विकला. अवनी पुण्याला बोलावतेय. एकट्यानं कशाला राहता म्हणते. पुढच्या शुक्रवारी ट्रक येईल."

अवनी त्याची मुलगी.  इतकी वर्षं तो माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहिला. त्याची खुर्ची सरकली तरी आम्हाला कळायचं.

"माझ्यामुळं?" मी विचारलं.

"सगळं तुझ्यामुळंच होत नाही, यार," तो चिडून म्हणाला. मग रिपोर्ट खिशात घालत, "सामान बांधायचंय. कपाट मला एकट्याला हलत नाही. उद्या येशील?"

"येतो."

"लवकर ये. नंतर ऊन होतं."

मेट्रोत तिघांना एका ओळीत जागा मिळाली. शेवंता मधे बसली आणि द्वारका येईपर्यंत झोपली.  उतरताना तिला उठवायला आम्ही दोघांनीही एकदमच हात पुढं केला.

आता सुतळी आणि जुने पेपर शोधून ठेवतो. सकाळी लवकर वर जायचं आहे.